दहीकुंकवाचा कापूस

जगात वाईट असं काही घडतच नाही; घडतं ते सगळं चांगलंच, फक्त काही चांगल्या गोष्टी तोंड वाकडं करून दारात येतात, असं मनापासून मानणारा अख्ख्या वऱ्हाडात एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. आज हे मी छाती काढून सांगतो. पण त्या काळी चारचौघांत त्यांचा विषय निघाला, की मी पाणी पिण्याच्या निमित्तानं उठून आत जात असे. लाज वाटायची मला त्यांची. आता त्या लाजेचीच लाज वाटते, आणि ही दुसरी लाज पहिलीपेक्षा चिवट निघाली. काही केल्या जात नाही.

मामा बार्शीटाकळीचे. काळी कसदार जमीन, धाब्याचं म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, दारात कडूनिंब आणि घरात मामी. मूलबाळ नव्हतं. माझी बायको पाळण्यात होती तेव्हाच तिचे वडील गेले, आणि मामांनी बहीण-भाची दोघींना बैलबंडीत घालून आपल्या घरी आणलं. "आपल्याले लेकरू नाई ते बेस झालं," ते मामींना म्हणाले म्हणे, "नाईतं या पोरीले मांडी कुठून पुरली असती?" हे सांगताना मामींनी पदरानं डोळे टिपले. मी मात्र मनात म्हणत होतो, हा माणूस एक तर बधिर आहे, नाहीतर खुळा आहे. 'उंटावरचा शहाणा' म्हणतात ना, तो मीच. पण उंटावर बसलेल्याला ते कुठं कळतं?

'बेस झालं' हे मामांचं पालुपद. वादळात दारातला कडूनिंब गोठ्याच्या भिंतीवर आडवा झाला. भिंतीला हे एवढं भगदाड! गाव गोळा झालं, तर मामा भगदाडातून डोकं काढून म्हणतात, "बेस झालं. इथं एक दार पाड म्हून गवंड्याले तीन वर्सं सांगून राहिलो व्हतो, तो काई येत नव्हता." आणि खरोखरच तिथं त्यांनी दार बसवलं. पुढं चोरी झाली. चोरानं स्वयंपाकाची सगळी भांडी नेली, पाण्याचा एक गडवा तेवढा राहिला. शेजारीपाजारी हळहळायला आले, तेव्हा मामा तो गडवा वर धरून सगळ्यांना दाखवत होते. "मानूस चोर असला तरी दुसऱ्याची तहान जाणते, पाहा!" आतून मामी कडाडल्या, "तुमच्या त्या बेसाले लागली आग! आता भाजी काय गडव्यात शिजवू?" "शिजव ना," मामा म्हणाले, "थोडी थोडी शिजन, गरम गरम भेटन." आठ दिवस त्या घरात अंबाडीची भाजी गडव्यात शिजली, आणि तशी चव पुन्हा कधी आली नाही असं मामा मरेपर्यंत सांगत होते. मामी मात्र त्या आठ दिवसांबद्दल काही सांगत नसत.

मग कापसाचे ते दिवस आले. सातासमुद्रापार कुठं तरी लढाई लागली म्हणे, तिकडचा कापूस अडला, आणि आमच्या काळ्या मातीत पिकलेल्या बोंडांवर जगाची नजर वळली. कास्तकारांच्या हाती कधी नव्हे तो पैसा खुळखुळू लागला. ज्यानं त्यानं आपल्या पळत्या जोडीच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. मामांनीही चढवल्या, पण कुणाला? चार वर्षं जू न पाहिलेल्या, एका पायानं लंगड्या, दारात बांधलेल्या म्हाताऱ्या बैलाला! लोक म्हणाले, डोकं फिरलं. मामा म्हणाले, "पळत्या बैलाकडं लोक तसेई पायतात. या म्हाताऱ्याकडं कोन पायते? आता येता-जाता थांबून पायतात." आणि थांबत होते खरे लोक! तो बैल त्या दिवसांत रवंथसुद्धा रुबाबात करी.

माझ्या लग्नात तर त्यांनी कहर केला. वरातीत ताशाच्या आवाजानं घोडी बुजली आणि मला घेऊन जी उधळली, ती बाजारातून, मारुतीच्या पारावरून, थेट नदीवर, धुणं धुणाऱ्या बायांत जाऊन थांबली. माझ्या मुंडावळ्या गळ्यात, फेटा कुठल्या तरी बाभळीवर. म्हातारी मंडळी 'अपशकुन, अपशकुन' असं कुजबुजत मागून आली. सगळ्यांच्या पुढं धापा टाकत मामा. त्यांनी लगाम धरला आणि दोन्ही काठांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "बेस झालं! जवायानं समदं गाव पाहून घेतलं, आता मांडवात लाजनार नाई!" त्या बाया अशा हसल्या की धुणं वाहून जायची वेळ आली. अपशकुनाची बात तिथंच संपली, हे मला तेव्हा दिसलं नाही. मला दिसलं ते फक्त हसू. त्या दिवशी मामांबद्दल मी मनात अढी धरली, आणि ती पुढं मी लोण्यासारखी जपली.

लग्नानंतर मी अमरावतीला एका शेठजींच्या वखारीत कापसाचा पारखी झालो. बंडी आली की कापसात हात घालायचा, मूठभर ओढून काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धागा ताणायचा, हुंगायचा, आणि माल चांगला की टाकाऊ ते बोलायचं. माझ्या एका शब्दावर बंडी आत जायची नाहीतर परत फिरायची. अंगात कोट आला, आवाजात जरब आली. वखारीचे मुनीम पुण्याकडचे होते, म्हणून 'मले-तुले' सोडून मी 'मला-तुला' बोलायला लागलो, आणि घरी बायकोचं बोलणंही दुरुस्त करायला लागलो. नाकानं कांदे सोलणं म्हणतात ते हेच. सणाला बार्शीटाकळीला गेलो, तेव्हा मामांपुढं मी शेखी मिरवली. "मामा, पारख्याला फसवता येत नाही. आम्ही वरचा कापूस बघतच नाही. बंडीच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात कोपरापर्यंत हात घालतो." मामांनी ते अगदी लक्ष देऊन ऐकलं. तिथंच सगळं ठरलं.

आमच्याकडं कापसाची पहिली वेचणी तशीच सुरू होत नाही, आधी सीतादही होते. धुऱ्यापाशी, म्हणजे शेताच्या बांधापाशी, सात खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, पहिली बोंडं त्या खड्यांपुढं ठेवायची, आणि मगच बायांनी ओटीत कापूस घ्यायचा. त्या वर्षी मामांच्या मनात आलं, की देवाच्या पुढ्यातला हा पहिला कापूस जवायाच्या हाताला लागावा, त्याची भरभराट व्हावी. अकोल्याचा बाजार उशाशी असताना ते दोन बंड्या जुंपून मुक्काम करत करत अमरावतीला आले, आणि तो दह्यानं भिजलेला, कुंकवानं लाल झालेला कापूस त्यांनी पुढच्या बंडीत कुठं ठेवला असेल? मागच्या उजव्या कोपऱ्यात, कोपरभर खोल!

त्या दिवशी वखारीत मुंबईचा एक गोरा साहेब आलेला. शेठजी त्याच्या मागंपुढं करत होते. मला सगळ्यांसमोर पारख दाखवायला सांगितलं. गर्दीत बंडी कुणाची हे मी पाहिलंच नाही. बाह्या सरसावून, ऐटीत, मी कोपरापर्यंत हात घातला. बाहेर आला तो आंबलेल्या दह्याचा वास आणि कुंकवाचा चिखल घेऊन. साहेबानं रुमाल नाकाला लावला. मुनीम खो खो हसले. आणि बंडीच्या पलीकडून तो आवाज आला, "जवाईबापू! लागलं का हाताले? बेस झालं!"

मामा पुढं आले. धुळीनं माखलेले, पागोट्याचा शेव खांद्यावर लोंबतोय, तोंडभर हसू. मुनिमांनी विचारलं, "हे तुमचे कोण?"

मी म्हणालो, "माझे कोणी नाहीत."

एवढ्यावर तरी थांबावं की नाही? नाही. आपलं खोटं उघडं पडू नये म्हणून मी वही लिहिणाऱ्याला ओरडून सांगितलं, "माल ओला आहे. दोन्ही बंड्या परत!" ती एक मूठ सोडली तर तो कापूस भाजल्यासारखा कोरडा होता. इतका लांब, इतका पांढरा धागा त्या हंगामात माझ्या बोटांनी पाहिला नव्हता. मामांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याला आता कुठं जावं ते समजेना. मग त्यांनी परक्या माणसाला घालावा तसा मला रामराम घातला. "हाव जी," ते म्हणाले, "पारख्यानं सांगतलं म्हंजे ओला असन." आणि बैल वळवले. तो 'जी' माझ्या कानात अजून आहे.

घरी मी चकार शब्द काढला नाही. वाटलं, आता मामांचा निरोप येईल, बायको माहेरी निघून जाईल. पंधरा दिवसांनी निरोप आला, आणि बायको नाचतच माझ्यापुढं उभी राहिली. "अवं, मामानं तं तुमचं नाव गावोगाव केलं!" झालं होतं असं, की परतीच्या वाटेवर बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, जिथं जिथं बंड्या सुटल्या तिथं तिथं मामांनी लोक जमवून सांगितलं होतं, "काय जवाई भेटला, बाप्पा! कापसापुढं नातं वळखत नाई. माह्या तोंडावर म्हने, हे माहे कोनी नाईत! मामेसासऱ्याच्या बंड्या वापस फिरवल्या! बेस झालं. वखारीत असाच मानूस पाहिजे." माझ्या नीचपणाचं त्यांनी सोनं केलं होतं. बायकोनं त्या दिवशी पुरणाची पोळी केली. मी ती ताटातच मोडत बसलो. 'गोड कमी झालं का?' असं ती विचारत राहिली.

गोष्ट शेठजींच्याही कानावर गेली. त्यांनी मला बोलावून सगळ्यांसमोर शेला दिला आणि अकोल्याच्या नव्या वखारीत मुख्य पारखी म्हणून नेमलं. तिथं पार हिवरखेडकडचे कास्तकार 'मामेसासऱ्याचा माल फिरवणारा तो पारखी कोणता' असं विचारत यायचे आणि मला हात जोडायचे. प्रत्येक नमस्कार थोबाडीत बसल्यासारखा वाटे. एक मात्र झालं. त्यानंतर मी एकाही बंडीबद्दल खोटं बोललो नाही. बोलणार कसा? मामांनी मला सगळीकडे खरा माणूस म्हणून उभं करून ठेवलं होतं. अकोल्याहून बार्शीटाकळी दमणीनं, म्हणजे हलक्या बैलगाडीनं, अर्ध्या दिवसाची वाट. पण मी तिकडं फिरकलो नाही. आज काम, उद्या ताप, परवा बैल नाही.

पुढच्या पहिल्या वेचणीला बायकोनं ऐकलं नाही, ओढूनच नेलं. शेतात बाया कापडं बांधून उभ्या होत्या. सात खडे मांडलेले, हळदकुंकू वाहिलेलं. पण दहीभात दिसेना. मी मामींना विचारलं.

"दही बंद केलं त्यायनं," मामी खाली बघत म्हणाल्या. "दह्यानं माल वला होते म्हने. माह्या सासूच्या सासूपासून चालत आलं व्हतं, बापू. मी लय रडले. पन ते म्हनले, जवाई पारखी हाये, त्याच्या शब्दापुढं आपलं काय?"

मग मामींनीच सांगितलं, की मागचा सगळा कापूस मामांनी धाब्यावर आठ आठ दिवस वाळवला, मूठ मूठ हातानं उलटीपालटी केला, आणि तरीही गावातले व्यापारी बंडी दिसली की विचारत, 'वला तं नाई ना, पाटील?' ज्यांच्या कापसाकडे बोट दाखवून लोक चांगला कापूस कसा असतो ते सांगायचे, त्या माणसाचं हे नाव मी करून ठेवलं होतं. आणि सात खडे तिथं उपाशी बसले होते.

जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण ती कुठली घेतेय! मी सगळ्यांदेखत म्हणालो, "मामा, तुमचा माल ओला नव्हता. कोरडा होता. साहेबापुढं मला तुमची लाज वाटली, म्हणून मी तुम्हाला ओळख दिली नाही. बाकी ते माझ्या खरेपणाचं सगळं खोटं."

बायकोनं माझ्याकडं जे पाहिलं ते मी लिहीत नाही. वेचणीला थांबलेल्या बायांचे हात ओटीवर तसेच राहिले. मामा हळूच धुऱ्यावर बसले. आम्ही सगळे त्या दोन शब्दांची वाट पाहत होतो. आता म्हणतील, आत्ता म्हणतील.

"हे वाईट झालं," मामा म्हणाले.

"माय वं!" मामींनी तोंडावर हात ठेवला. चाळीस वर्षांच्या संसारात हे शब्द त्यांनी त्या तोंडून पहिल्यांदा ऐकले होते. भिंत फुटली, भांडी गेली, मूल झालं नाही, तेव्हा जो शब्द निघाला नाही, तो माझ्यामुळं निघाला.

"कापूस कोरडा हाये हे माह्या हाताले मालूम व्हतं," मामा आपल्या तळव्याकडं बघत म्हणाले. "मी हाताले खोटं पाडलं, बापू. तुमाले नाई पाडलं." मग मामींकडं वळून म्हणाले, "जाय, दही आन." दही आलं, नैवेद्य झाला, वेचणी सुरू झाली. मी निघालो तेव्हा दमणीपर्यंत येऊन, चाकावर हात ठेवून ते म्हणाले, "याच्यात बेस काय हाये ते पायतो. असनच कुठं तरी. सापडलं की सांगतो."

तेव्हापासून मी दर महिन्याला बार्शीटाकळीला जाऊ लागलो. दारात पाय ठेवला की विचारायचं, "मामा, सापडलं का?" आणि मामांनी म्हणायचं, "अजून नाई. बसा, जेवून घ्या." कधी म्हणायचे, "काल आंघोळ करता करता वाटलं, सापडलं. मंग नीट पाहिलं तं नाई." ते मनापासून शोधत आहेत आणि मी त्यांना सुटका नसलेल्या कामाला जुंपलंय, असं वाटून मी आणखी ओशाळा होई, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जाई. जेवण झालं की मी त्यांच्याबरोबर शेतात जायचो, त्या चांदीच्या शेंब्यांच्या बैलाला कडबा घालायचो, धाब्यावर बसून कापूस निवडायचो. कोट घरीच राहू लागला. 'मले-तुले' कधी परत आलं ते कळलंही नाही. बायको पहिल्या दोन खेपांना माझ्याशी वाटेत बोलली नाही, तिसरीला बोलली.

मग ती दूरची लढाई थांबली आणि कापसाचे दिवस फिरले. शेठजींनी अकोल्याची वखार बंद केली, माझी नोकरी गेली. त्या खेपेला बार्शीटाकळीच्या वाटेवर मी पहिल्यांदाच त्यातलं 'बेस' स्वतः शोधून पाहिलं, आणि मामांनी काही म्हणायच्या आत सांगितलं, "मामा, वखार बंद झाली. बेस झालं."

मामांचे डोळे चमकले. "काहून बेस झालं?"

"आता महिन्यातून दोनदा येता येईन."

त्यांनी तोंड फिरवलं आणि बैलापाशी जाऊन बराच वेळ त्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, आपलं काही तरी चुकलं.

दोनेक वर्षं अशी गेली. एका उन्हाळ्यात मामा ओसरीवर खाटेला लागले. मी गेलो, पायथ्याशी बसलो, आणि दुसरं काय बोलावं ते सुचेना म्हणून नेहमीचंच विचारलं, "सापडलं का, मामा?"

"सापडलं व्हतं ना," ते म्हणाले. "कवाचंच. तुमच्या दुसऱ्या का तिसऱ्या खेपेले."

"मंग सांगतलं काहून नाई?"

मामा हसले. तेच हसू, वखारीतलं. "सांगतलं असतं, तं मंग तुमी कायले आले असते?"

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि घोडी उधळली त्या दिवशीसुद्धा रडलो नव्हतो एवढा रडलो. मामी दारात उभ्या होत्या. 

मामा गेले. सासूबाई त्याआधीच गेलेल्या; मामींना एकटीला शेत झेपेना, म्हणून आम्ही दोघं बार्शीटाकळीला राहायला गेलो. त्या वर्षीच्या सीतादहीचा पहिला कापूस, दह्यानं ओला, कुंकवानं लाल, मामींनी माझ्या ओंजळीत दिला, आणि तो कुठं ठेवायचा हे मला कुणी सांगावं लागलं नाही. अकोल्याच्या बाजारात बंडी उभी केली. कुठल्याशा वखारीचा नवा पारखी आला, मागच्या उजव्या कोपऱ्यात त्यानं कोपरापर्यंत हात घातला, आणि बाहेर काढून हाताकडं बघतच राहिला. चारी बाजूंनी लोक हसायला लागले.

"काय हे!" तो खेकसला. "कुणाचा आहे हा कापूस?"

"माह्या मामेसासऱ्याचा!" मी म्हणालो, आणि इतक्या मोठ्यानं म्हणालो की बाजारातल्या बैलांनी माना वर केल्या. ज्यांनी ते ऐकायला हवं होतं, ते तेवढे नव्हते. पण माझ्या तोंडून निघालं एकदाचं, एवढं बेस झालं.